बालवाडी शिक्षिका व्हायचंय (नाशिक): कोणता कोर्स घ्यावा, सराव कसा करावा?

पाथर्डीफाटा_३४

नमस्कार. बी.ए. झालंय, बारावीला ५८ टक्के, वय ३४. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर काम करायचं नक्की केलंय. पाथर्डी फाट्याला राहते, सकाळी ८ ते दुपारी १ हा वेळ देऊ शकते.

चौकशीत चार वाटा पुढे आल्या. शहरातल्या एका खासगी क्लासचा सहा महिन्यांचा टीचर्स ट्रेनिंग कोर्स, इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन-शिक्षणाची पदविका, माँटेसरीचा वर्षाचा कोर्स आणि अंगणवाडी सेविकेची भरती. क्लासमध्ये सांगतात की नव्या शैक्षणिक धोरणात सहा महिन्यांचंच प्रमाणपत्र लिहिलंय, म्हणून त्यांचा कोर्स पुरेसा आहे. हे खरं आहे का? एकीने डी.एल.एड. कर म्हणून सुचवलं. आणि शाळा मुलाखतीत डेमो घ्यायला लावतात, त्यात नेमकं काय बघतात? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

गोदाकाठ

ताई, आधी धोरणाचं बघू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहा महिन्यांचा उल्लेख आहे, पण तो आधीच कामावर असलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी. बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, तीही काम चालू ठेवून. एखाद्या क्लासने आपला कोर्स सहा महिन्यांचा ठेवला म्हणून तो धोरणात बसत नाही. जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त’ दिसलं की दोनच प्रश्न विचारा: मान्यता कोणाची, आणि त्या पत्राची प्रत दाखवता का?

शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांना मान्यता एनसीटीई (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) देते. त्यांच्या २०१४ च्या नियमावलीत पूर्वप्राथमिकसाठी डीपीएसई ही दोन वर्षांची पदविका आहे, प्रवेशाला बारावीत ५० टक्के लागतात. तुमचे ५८ आहेत, म्हणजे अडचण नाही. एनसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. महाराष्ट्र निवडा आणि त्यात डीपीएसई शोधा. यादीत नाव नसेल तर संस्थेच्या भिंतीवर काहीही टांगलेलं असो, तो एनसीटीईचा कोर्स नाही.

डी.एल.एड. ही पहिली ते आठवीच्या शिक्षकांची पदविका, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही त्याच वर्गांसाठी. धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर धरलाय, त्यामुळे पुढे पहिली-दुसरीला शिकवण्याचा विचार असेल तर डी.एल.एड.ला अर्थ आहे. फक्त शिशुवर्गच घ्यायचे असतील तर ही दोन वर्षं बरीचशी मोठ्या मुलांच्या विषयांवर जातील.

इग्नूच्या पदविकेला बारावी पास पुरते. किमान कालावधी एक वर्ष, प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत. बालसंगोपन केंद्र कसं चालवायचं, आरोग्य-पोषण, विशेष गरजा असलेली मुलं आणि शेवटी प्रकल्प, असा आवाका आहे. मजकूर भक्कम आहे. अडतं ते दोन ठिकाणी. स्वाध्याय वेळेत दिले नाहीत तर परीक्षेचं सत्र हातचं जातं, आणि प्रकल्प शेवटी करू म्हणणाऱ्यांचा तो तसाच राहतो. प्रकल्पासाठी बालवाडी आधी ठरवून मगच फॉर्म भरा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय तर आपल्याच गंगापूर धरणाकडे आहे. यंदाच्या माहितीपुस्तिकेत बालशिक्षणाशी संबंधित काही चालू असेल आणि मराठी माध्यम मिळत असेल तर तुमच्या दृष्टीने ते जास्त सोयीचं.

माँटेसरी या नावावर कोणाचा हक्क नाही. कोणीही पाटी लावू शकतं आणि लावतातही. म्हणून पदविका कोणाची ते आधी विचारा. डॉ. माँटेसरींनी १९२९ साली स्थापन केलेल्या एएमआय या संस्थेच्या तीन ते सहा वयोगटाच्या पदविकेत प्रत्येक साधनाची मांडणी स्वतः लिहून काढावी लागते. जीवनव्यवहार, इंद्रियशिक्षण, भाषा आणि गणित असे आल्बम तयार होतात, शिवाय निरीक्षण, सराव, लेखी आणि तोंडी परीक्षा. एखाद्या क्लासमध्ये साधनांचा पूर्ण संच मांडलेला नसेल आणि फक्त फोटो दाखवून शिकवत असतील तर पैसे भरू नका. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत, हाताने रचल्याशिवाय त्यातला फरक शिक्षिकेलाच कळत नाही, मग मुलाला ती काय दाखवणार!

माझं स्पष्ट मत: प्रमाणपत्रावरच्या नावापेक्षा मुलांबरोबरचे तास मोजा. रोज तीन तास याप्रमाणे ५० दिवस धरले तर १५० तास होतात. सहा महिन्यांच्या कोर्सकडून मी एवढी अपेक्षा नक्की करेन. फी भरण्याआधी त्यांच्या सरावाच्या बालवाडीत एक सकाळ मागे बसू देता का, असं विचारा. नाही म्हणाले, किंवा सराव म्हणजे शनिवार-रविवारची क्राफ्टची फाइल असेल, तर तो कोर्स सोडा.

---

पॉलिशपेपर

वरच्या प्रतिसादाला पूर्ण दुजोरा. आता त्या १५० तासांत काय करायचं ते लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी इथेच वेळ वाया जातो.

पहिले दोन आठवडे शिकवायचं नाही, फक्त निरीक्षण नोंदवायचं. एक वही, रोज दोनच मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं. ‘हट्टी आहे’, ‘हुशार आहे’, ‘लाजाळू आहे’ हे शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत. लिहायचं ते असं: ‘१०.१०. लाल गाडी मागितली. शेजारच्याने दिली नाही. खाली बसला, तीन मिनिटं रडला. ताई न बोलता जवळ बसल्या. ठोकळ्यांकडे वळला, चार ठोकळे एकावर एक ठेवले, पाचवा पडल्यावर हसला.’ या पाच वाक्यांत त्याची भाषा, भावना, हाताचं कौशल्य आणि समजूत घालायची कोणती पद्धत लागू पडते, एवढं सगळं सापडतं. ‘हट्टी’ एवढंच लिहिलं तर उद्या काय करायचं ते ठरवता येत नाही. पालकांशी बोलतानाही अशाच नोंदी उपयोगी पडतात. आई वाद घालत नाही, कारण तुम्ही मुलाला नाव ठेवलेलं नसतं.

मग गटकाम. सुरुवात सहा मुलांपासून करा, वीसपासून नको. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयासाठी २० मुलांमागे एक मोठी व्यक्ती आणि तीन वर्षांखाली १० मुलांमागे एक असं प्रमाण दिलंय. ३० मुलांच्या वर्गाला ३५ चौरस मीटर खोली आणि बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा हेही त्यात आहे. सरावाची शाळा निवडताना टेप घेऊन जायची गरज नाही, पण खोलीत मुलं गोल करून बसल्यावर मागून चालता येतं का ते पाहा.

तीन तासांचं वेळापत्रक साधारण असं ठेवा: येणं आणि मुक्त खेळ ३० मिनिटं, गोलात गप्पा-गाणी २०, छोट्या गटाचं काम ३०, हात धुणं आणि खाऊ २५, मैदान ३०, गोष्ट १५, भाषेचा किंवा अंकाचा खेळ २०, आवराआवर आणि निरोप १०. नवशिक्यांचं चुकतं ते या तुकड्यांच्या मध्ये. गोष्ट संपली आणि पुढचं सामान अजून कपाटात आहे, अशा दोन मिनिटांत वर्ग हातातून जातो. म्हणून पुढच्या कामाचे ट्रे मुलं यायच्या आधी भरून ठेवायचे, आणि जागा बदलण्यासाठी एक ठरलेलं बडबडगीत ठेवायचं. ‘चला, उठा, लवकर’ ओरडण्यापेक्षा ते गाणं सुरू झालं की मुलं आपोआप उठतात. अर्थात तेच गाणं रोज हवं.

साधनं स्वतः करायला शिका. खरखरीत अक्षरांचंच (पॉलिश पेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली, मुलांनी बोट फिरवायची अक्षरं) उदाहरण घ्या. बाजारात तयार मिळतात, पण पुष्कळदा अक्षर छोटं आणि कागद फार जाड दाण्याचा असतो. १२० ते १५० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. ६० नंबरचा बोटाला टोचतो आणि मूल दुसऱ्यांदा हात लावत नाही. अक्षर दहा-बारा सेंटिमीटर उंच, रेघेची रुंदी एक सेंटिमीटरच्या आसपास. कागदाच्या मागच्या, गुळगुळीत बाजूवर आखणार असाल तर अक्षर उलटं, आरशात दिसतं तसं काढायचं. हे विसरल्यामुळे दरवर्षी कितीतरी ‘ग’ आणि ‘फ’ वाया जातात. स्वर एका रंगाच्या पुठ्ठ्यावर, व्यंजनं दुसऱ्या. डिंकाऐवजी फेव्हिकॉल, तोही पातळ थरात, वर रात्रभर वजन ठेवायचं, नाहीतर कडा उचलल्या जातात. कार्डाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा सोडा, म्हणजे मुलाला डाव्या हाताने कार्ड धरून उजव्या हाताची दोन बोटं फिरवता येतील. डावखुऱ्या मुलासाठी कार्ड फिरवून नाही, उजवीकडे जागा सोडलेलं वेगळं कार्ड करून ठेवायचं.

एका वेळी दोन किंवा तीनच अक्षरं, आणि ती दिसायला आणि ऐकायला वेगळी. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकाच दिवशी समोर ठेवले की गोंधळ आपणच तयार करतो. ‘ग म भ न’ ही वळणाची जोडणी हात बसवायला ठीक आहे, पण ती पुढची पायरी. आधी ध्वनी. ‘म’ने सुरू होणाऱ्या वर्गातल्या पाच वस्तू शोधता आल्या की मग कार्ड.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: छोट्या गटाला, म्हणजे बालवाडीतल्या धाकट्या मुलांच्या वर्गाला, पेन्सिल देऊन रेघी वहीत लिहायला बसवणारी शाळा सरावासाठी निवडू नका, पालकांची मागणी आहे म्हणून तसं चालत असलं तरी. त्या वयात मनगटाची आणि बोटांची तयारी व्हायची असते. पीठ मळणं, चिमट्याने कापूस उचलणं, कपड्यांचे चिमटे लावणं, ओला कपडा पिळणं, मणी ओवणं. कणकेचा गोळा पाच मिनिटं नीट मळता येत नसलेल्या हाताकडून पानभर ‘अ’ मागितला की मूल पेन्सिल मुठीत घट्ट धरायला लागतं, आणि ती पकड नंतर सुटता सुटत नाही.

---

घाटमाथा

अंगणवाडीबद्दल लिहितो, कारण तुमचं वय बघता हा निर्णय लांबवता येणार नाही. भरतीसाठी बारावी पास आणि वय १८ ते ३५ अशी अट आहे, विधवा महिलांना ४० पर्यंत सवलत. स्थानिक रहिवासी असणं ही सगळ्यात महत्त्वाची अट, ग्रामीण भागात तर त्याच महसुली गावातली. लहान कुटुंबाची अटही आहे. म्हणजे पाथर्डी फाट्याला राहून दिंडोरीतल्या गावाचा अर्ज चालणार नाही; तुमच्या भागातल्या शहरी बालविकास प्रकल्पाची जाहिरात निघाली तरच. जाहिरात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघते. तिथे प्रत्यक्ष जाऊन सूचना फलक बघत राहा. रहिवासी दाखला, बारावी आणि त्यापुढच्या गुणपत्रिका, जात प्रमाणपत्र असल्यास ते, असं सगळं आधीच काढून ठेवा. अर्जाची मुदत थोडी असते आणि दाखल्यांसाठी धावपळ करण्यातच ती संपते.

काम समजून घेऊनच अर्ज करा. पूर्वशालेय शिक्षण हा त्यातला एक भाग. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गृहभेटी हे सगळं एकाच सेविकेकडे आहे. शिवाय वजन-उंचीच्या नोंदी मोबाइलवर भरायच्या. जे मिळतं ते मानधन, पगार नव्हे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निकाल दिला, हेही ध्यानात असू द्या. शिक्षणाच्या बाजूने आता तीन वर्षांखालच्यांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहासाठी ‘आधारशिला’ असे केंद्राचे आराखडे आहेत. नोकरी कुठेही करा, ‘आधारशिला’ वाचाच. आठवड्याचं नियोजन कसं असावं हे त्यात नीट कळतं.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या बाजूला स्वयंसेवी संस्थांतून काम मिळालं तर भाषेची तयारी हवी. मूल घरी कोकणी किंवा डांगी बोलतं, आपण पुस्तकी मराठीत सूचना देतो आणि मूल ऐकत नाही असं वहीत लिहितो. मालेगावात उर्दू, बागलाणात अहिराणी. पहिल्या महिन्यात मदतनीस आणि आयांकडून भूक, तहान, शी-शू, दुखतंय, आई, नको, अजून दे, अशा रोजच्या चाळीस-पन्नास शब्दांची यादी करून भिंतीवर लावा. गाणी आधी त्यांच्या भाषेतली घ्या. मराठी हळूहळू येते.

हंगामाचंही बघा. द्राक्षाच्या कामाला आणि ऊसतोडीला कुटुंबं हलतात, दिवाळीनंतर पटावरचं मूल दिसेनासं होतं. त्याची नोंद ‘गैरहजर’ एवढीच न ठेवता कुठे गेलं ते लिहून ठेवा, म्हणजे तिथल्या अंगणवाडीला कळवता येतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत (पालघर जिल्हा) काम सुरू केलं आणि पुढे सहकारी अनुताई वाघांबरोबर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मूल येत नसेल तर आपण जायचं, ही समज या भागात आजही कोणत्याही पदविकेइतकीच उपयोगाची आहे.

---

पाथर्डीफाटा_३४

सगळ्यांचे मनापासून आभार. अंगणवाडीच्या वयाची अट माहीत नव्हती, उद्याच प्रकल्प कार्यालयात जाते. डेमोबद्दल कोणी सांगेल का? एका शाळेने फोनवर ‘वीस मिनिटांचा डेमो, छोटा गट, विषय तुमचा’ एवढंच सांगितलंय.

---

मोठागट

डेमोत विषय कोणता निवडला याला फार महत्त्व नसतं. तुम्ही मुलांच्या उंचीला येऊन बसता का, सूचना एका वेळी एकच देता का, आणि ठरवलेलं फसलं की काय करता, हे बघतात.

जाण्याआधी फोन करून विचारा: मुलं किती, वय काय, जमिनीवर बसतात की टेबल-खुर्ची, पाणी जवळ आहे का. आठ मुलं म्हणाले तर सामान दहाचं न्या. एक सांडतं आणि एक मूल ऐन वेळी जास्त येतं.

वीस मिनिटांची आखणी अशी करता येईल. विषय ‘जड-हलकं’. पहिली तीन मिनिटं गाणं, हातवाऱ्यांसह, तेवढ्यात मुलं तुमच्याकडे बघायला लागतात. पुढची चार मिनिटं पिशवीतून एकेक वस्तू काढायची: दगड, कापसाचा गोळा, रिकामी वाटी, पाण्याने भरलेली बाटली. ‘हे काय आहे?’ असं विचारण्याऐवजी मुलाच्या दोन हातांत दोन वस्तू द्या आणि थांबा. थांबणं सगळ्यात कठीण जातं. मनातल्या मनात पाच अंक मोजा, उत्तर मुलाकडूनच येतं. नंतर आठ मिनिटं दोन-दोनच्या जोड्यांना एकेक टोपली द्यायची, दोन गट करायला सांगायचं. इथे तुम्ही फिरत राहायचं आणि ‘शाबास’ ऐवजी काय केलं ते बोलायचं: ‘तू दोन्ही हातांत धरून पाहिलंस.’ मग तीन मिनिटं एक-दोन जोड्यांनी दाखवायचं, आणि उरलेली दोन आवरायला. आवरणं मुलांकडूनच करून घ्या. सामान स्वतः गोळा करत बसलात तर वर्ग पाठीमागे उधळतो.

डेमो फसायची कारणं ठरलेली आहेत. फ्लॅशकार्डांचा गठ्ठा धरून ‘सांगा पाहू’ सुरू करणं. सगळ्यांना एका सुरात उत्तर द्यायला लावणं, कारण त्यात चारच मुलं बोलतात आणि बाकीची ओठ हलवतात. सामान आधीच सगळं मध्यभागी मांडणं. एखादं मूल उठून खिडकीकडे गेलं की सगळ्यांना थांबवून त्याला बोलावणं. ते सुरक्षित असेल तर काम चालू ठेवा, त्याच्या हातात टोपली नेऊन द्या.

सुरक्षितता हा भाग शाळा विचारत नाहीत, पण चांगल्या मुख्याध्यापिका नक्की बघतात. चिंचोके, मणी, गुंजा, शेंगदाणे तीन वर्षांखालच्या मुलासमोर ठेवूच नका. गुंज तर विषारी असते, ती कोणत्याच वयाला नको. सोपी चाचणी: टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती घशात अडकू शकते. आपल्याकडे हंगामात डब्यात द्राक्षं येतात. अख्खं द्राक्ष पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, उभं चिरून चार फोडी कराव्यात. कोर्समध्ये प्रथमोपचार प्रत्यक्ष बाहुलीवर शिकवतात का तेही विचारा. घशात काही अडकलं, मुलाला खोकता-बोलता येत नाही आणि ते एक वर्षाहून मोठं आहे, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा, नंतर मागून धरून बेंबीच्या वर पाच धक्के आत-वर, असं आलटून पालटून, आणि एकाने लगेच १०८ ला फोन. तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, वस्तू आणखी आत जाते.

नोकरी पक्की करण्याआधी तुम्हीही तीन गोष्टी विचारा: तुमच्या वर्गात मदतनीस पूर्ण वेळ असते का, मुलांना शू-शीला कोण नेतं आणि त्याचा नियम लिहिलेला आहे का, आणि कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी होते का. तिसऱ्या प्रश्नाला राग आला तर तिथे काम करू नका.

---

गोदाकाठ

मोठागट यांनी लिहिलंय ते प्रिंट काढून ठेवण्यासारखं आहे. ताई, क्रम असा लावा: उद्या प्रकल्प कार्यालय आणि एनसीटीईची यादी. या आठवड्यात दोन बालवाड्यांना भेट, एक इंदिरानगर किंवा सिडकोतली जवळची, एक वेगळ्या पद्धतीची. तिथे मागे बसून निरीक्षणाची वही सुरू करा, कोर्स ठरायची वाट बघू नका. इग्नू घेणार असाल तर त्याच बालवाडीच्या बाईंकडून प्रकल्पासाठी लेखी परवानगी घ्या. फी एकरकमी मागत असतील तर हप्ते आणि मध्येच सोडल्यास परताव्याचा नियम पावतीवर लिहून घ्या.